पाठीवर वडील, समोर अरण्य

जखमी वडिलांना पाठीवर घेऊन धोक्याच्या रानातून वाट काढणारा तरुण मुलगा, हे चित्र माणसाच्या मनात फार जुने आहे. ते डोळ्यांसमोर आले की आपण बहुधा मुलाच्या खांद्यांकडे पाहतो, त्याच्या ताकदीचे आणि चिकाटीचे कौतुक करतो, आणि तो कुठेही थांबला नाही या गोष्टीला सर्वांत मोठे मोल देतो. रानातील प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतल्यापासून आणि शोधकार्यात स्वयंसेवक म्हणून जाऊ लागल्यापासून मला हे चित्र निराळे दिसू लागले आहे. अशा प्रसंगी वडिलांना उचलणे अवघड असतेच, पण योग्य वेळी त्यांना खाली ठेवणे त्याहून अवघड असते, आणि त्यांचा जीव वाचणार की नाही हे पुष्कळदा त्या खाली ठेवण्यावरच ठरते, असे माझे ठाम मत झाले आहे. त्याविषयी सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

जुन्या वृत्तांतांना झेप लक्षात राहते. इ.स.पू. २१८ मध्ये उत्तर इटलीतील तिकिनस नदीजवळच्या चकमकीत रोमचा कॉन्सल, म्हणजे सर्वोच्च अधिकारी, पुब्लियस कॉर्नेलियस स्किपियो जखमी होऊन शत्रूच्या गराड्यात सापडला, तेव्हा जेमतेम सतरा-अठरा वर्षांचा त्याचा मुलगा घोडा फेकत आत घुसला आणि त्याने वडिलांना सोडवले, असे सांगितले जाते. हाच मुलगा पुढे इ.स.पू. २०२ मध्ये झामा येथे रोमचा कट्टर शत्रू असलेल्या कार्थेजच्या हॅनिबलला हरवणारा सेनापती झाला. वडील त्या जखमेतून बरे झाले आणि आणखी काही वर्षे लढले, म्हणजे कोणीतरी त्यांची जखम बांधली असणार, त्यांना निगुतीने मागे नेले असणार आणि रात्री त्यांच्या उशाशी बसले असणार. त्या भागाविषयी फारसे कोणी बोलत नाही, आणि मला तर तोच भाग जास्त महत्त्वाचा वाटतो.

घाव बसल्यानंतरच्या पहिल्या क्षणांपासून सुरुवात करू. वडील जमिनीवर आहेत, रक्त वाहते आहे, झाडी दाट आहे, आणि ज्या कारणाने घाव झाला ते कारण, मग ते जनावर असो, सुटलेली दरड असो वा हत्यार घेतलेला माणूस असो, अजून जवळपास असण्याची शक्यता आहे. मुलाच्या मनात एकच विचार उसळतो, तो म्हणजे वडिलांना उचलून पळत सुटण्याचा. धोका खरोखर अंगावर आलेला असेल तर त्यांच्या काखेत हात घालून त्यांना आडोशापर्यंत ओढत नेणे भागच असते. पण आडोसा मिळताच थांबायचे असते, कारण त्या क्षणी रानापेक्षा जखमेतून वाहणारे रक्त अधिक धोक्याचे असते.

सत्तर किलो वजनाच्या प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते. त्यातले ७५० मिलिलिटरपर्यंत रक्त गेले तरी वरवर पाहता फारसा फरक जाणवत नाही. त्यापुढे दीड लिटरपर्यंत नाडी मिनिटाला १०० च्या वर जाते, श्वास जलद होतो, कातडी गार आणि ओलसर लागते, आणि शांत स्वभावाचा माणूसही उगाच अस्वस्थ होतो. दीड ते दोन लिटर रक्त गेले की रक्तदाब घसरतो आणि बोलण्यातला मेळ सुटू लागतो. त्यापलीकडे प्रत्येक मिनिट जिवावरचे असते. मांडीतील मोठी धमनी तुटली असेल तर हा सगळा प्रवास काही मिनिटांत पुरा होऊ शकतो. म्हणून वडिलांना पाठीवर घेऊन जोरात पाच मिनिटे धावणारा मुलगा आणि त्याच पाच मिनिटांत दोन्ही तळहातांनी, स्वतःचे पूर्ण वजन टाकून जखम दाबून धरणारा मुलगा यांच्यातील फरक वडिलांच्या आयुष्याएवढा असतो.

दाबणे म्हणजे खरोखर दाबणे. दर अर्ध्या मिनिटाला कापड उचलून रक्त थांबले का हे पाहिले तर बसू लागलेली गुठळी प्रत्येक वेळी निघून येते. जखम खोल असेल तर स्वच्छ कापड आत ठासून भरावे आणि वरून दाब ठेवावा. हातापायाच्या जखमेतून रक्त उसळत असेल आणि दाबाने ऐकत नसेल, तर टूर्निकेट, म्हणजे रक्तप्रवाह रोखण्यासाठी हातापायाभोवती आवळायची रुंद पट्टी, आवळावे लागते. ते जखमेच्या वर, धडाच्या बाजूला ५ ते ७ सेंटीमीटर अंतरावर, सांधा टाळून बांधायचे आणि रक्त पूर्ण थांबेपर्यंत काठीने पिळत जायचे असते. त्याची पट्टी साधारण ४ सेंटीमीटर रुंद हवी; दोरीने किंवा बुटाच्या नाडीने मांस कापले जाते आणि रक्त मात्र थांबत नाही. ते नीट आवळले तर असह्य दुखते. वडील कळवळून ‘सैल कर’ म्हणतील आणि ते ऐकणे मुलाला फार जड जाईल, पण ते सैल करायचे नसते. अधूनमधून ते ढिले करण्याची जुनी पद्धत रक्त थोडेथोडे करून घालवते. आवळल्याची वेळ मात्र वडिलांच्या अंगावर ठळक लिहून ठेवावी, कारण सुमारे दोन तासांनंतर त्या अवयवाला धोका वाढू लागतो आणि पुढचा वैद्य तीच वेळ सर्वांत आधी विचारील. शरीरात घुसलेली फांदी, लोखंड किंवा पाते उपटून काढू नये. ते आहे तिथेच कापडाच्या घड्यांनी स्थिर करावे, कारण पुष्कळदा तेच फाटलेल्या नळीचे तोंड बंद करून बसलेले असते.

रक्त थांबले की दुसरा प्रश्न येतो, आणि या प्रश्नाला मुलाचे मन सहसा तयार नसते. वडिलांना हलवायचे का? उंचावरून पडून मान किंवा पाठ दुखावली असेल, हातापायांना मुंग्या येत असतील किंवा त्यांतील जोर गेला असेल, तर त्यांना पाठीवर घेणे हाच मोठा अपघात ठरू शकतो. मांडीचे हाड मोडले असेल तर बाहेर एक थेंबही न दिसता आत लिटरभर रक्त साचू शकते, आणि प्रत्येक हिसक्यासरशी त्यात भर पडते. आपण कुठे आहोत हे कोणाला ठाऊक असेल आणि जागा सुरक्षित असेल, तर तिथेच ऊब करून, खुणा करून थांबणे हा कितीतरी वेळा सर्वांत धाडसी निर्णय असतो. निघावेच लागते ते जागाच जीवघेणी असेल तेव्हा: पाणी चढत असेल, वणवा जवळ येत असेल, माणसे मागावर असतील, किंवा कोणीही शोधायला येणार नाही याची खात्री असेल. ही कारणे नसताना केवळ हातावर हात ठेवून बसवत नाही म्हणून निघणे, यात प्रेम असले तरी शहाणपण नसते.

निघायचे ठरले तर वाहायचे कसे? प्रशिक्षित बचावपथक खडबडीत वाटेवर एका स्ट्रेचरला एका वेळी सहा माणसे लावते आणि तीही थोड्या थोड्या अंतराने बदलते. इथे मुलगा एकटा आहे. आडवे खांद्यावर टाकून नेण्याची जी पद्धत चित्रांतून आपल्याला सवयीची झाली आहे, ती थोड्या अंतरापुरती उपयोगी आहे, कारण तिच्यात एक हात मोकळा राहतो. पण त्यात जखमी माणसाचे पोट आणि छाती खांद्यावर दाबली जाते, डोके खाली लोंबते, आणि मुख्य म्हणजे मुलाला त्यांचा चेहरा दिसत नाही. छातीला किंवा पोटाला मार असेल तर ती पद्धत वर्ज्य समजावी. वडील शुद्धीवर असतील तर रुंद पट्टा किंवा लांब मजबूत कापड त्यांच्या मांड्यांखालून घेऊन आपल्या दोन्ही खांद्यांवरून पुढे आणावे आणि त्यांना पाठीवर बसवावे. त्यामुळे भार हातांवर न राहता कमरेवर आणि पायांवर येतो. सपाट, मऊ जमीन असेल तर जाड कापडावर झोपवून, डोक्याच्या बाजूने, शरीराच्या सरळ रेषेत ओढत नेणे हा दिसायला ओबडधोबड वाटणारा मार्ग अनेकदा सर्वांत कमी त्रासाचा ठरतो.

सरावाच्या वेळी जखमी माणसाची भूमिका करायला एकदा माझे वडील स्वतःहून तयार झाले होते. त्यांना पट्ट्यात बसवून मी उभा राहिलो आणि चार पावलांतच माझा तोल जाऊ लागला. वजनाचा प्रश्न नव्हता, कारण त्यांच्याहून वजनदार माणसे मी वाहिली होती. वडील माझ्यावर भार पडू नये म्हणून अंग आक्रसून घेत होते, हात ताठ ठेवून माझ्या पाठीपासून दूर राहत होते, आणि त्यामुळे त्यांचे सगळे वजन मला मागे खेचत होते. “फार जड होतोय का रे मी?” त्यांनी विचारले. मी म्हणालो, “बाबा, तुम्ही छाती माझ्या पाठीला पूर्ण टेकवा. मी झुकेन तिकडे झुका. बाकी काही करू नका.” त्यांना ते जमायला बराच वेळ लागला. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचा भार उचलला त्यांना आपला भार दुसऱ्यावर निर्धास्तपणे टाकता येणे ही सोपी गोष्ट नाही, हे त्या दिवशी मला त्यांच्या श्वासांवरून कळले. त्यांनी अंग सैल सोडले आणि चालणे एकदम हलके झाले.

जळत्या ट्रॉय या प्राचीन नगरातून वडिलांना खांद्यावर घेऊन निघालेल्या इनियस या योद्ध्याच्या कथेत ही गोष्ट फार नेमकी पकडलेली आहे. त्याचे वडील अँकायसीस देवाच्या विजेच्या आघाताने अधू झालेले होते, आणि त्यांनी आधी निघायला साफ नकार दिला होता; मला इथेच राहू द्या, तुम्ही जा, असे ते म्हणत राहिले. शुभशकुन दिसल्यावर त्यांनी होकार दिला आणि मगच मुलाला त्यांना उचलता आले. निघताना घरच्या देवांच्या मूर्ती वडिलांच्या हाती दिल्या गेल्या, कारण लढून आलेल्या मुलाचे हात रक्ताने माखलेले होते. जियान लोरेन्झो बर्निनी या शिल्पकाराने १६१८-१९ च्या सुमारास, विशीच्या उंबरठ्यावर असताना, हा प्रसंग संगमरवरात कोरला. रोममधील बोर्गेझे संग्रहालयात ते शिल्प आहे. त्यात वडिलांची कातडी सुरकुतलेली आणि सैल आहे, मुलाच्या मांड्या भाराने ताणलेल्या आहेत, मागे लहानगा नातू आहे, आणि सर्वांत वर, वडिलांच्या हातात, देव आहेत. बर्निनीला छिन्नी धरायला शिकवणारे त्याचे वडीलच होते, हे ते शिल्प पाहताना मी विसरू शकत नाही. पाठीवरच्या माणसालाही काम असते, हे त्या तरुण शिल्पकाराला पक्के ठाऊक होते.

रानात वडिलांचे काम कोणते? पहिले काम बोलत राहण्याचे. त्यांचा आवाज हे मुलाजवळचे एकमेव मोजमाप असते, कारण पाठीवरच्या माणसाची नाडी चालता चालता बघता येत नाही. प्रश्नाला उत्तर उशिरा येऊ लागले, शब्द अडखळू लागले, किंवा आतापर्यंत कण्हणारा माणूस अचानक निमूट झाला, तर तिथेच थांबून त्यांना खाली ठेवावे आणि जखम पुन्हा पाहावी. दुसरे काम मागे आणि वर पाहण्याचे, कारण भाराखाली वाकलेल्या मुलाला पायांपुढची दोन हात जमीनच दिसत असते. तिसरे आणि सर्वांत अवघड काम म्हणजे खरे सांगणे. थंडी वाजते आहे, डोळ्यांपुढे अंधारी येते आहे, बांधलेले कापड पुन्हा ओले झाले आहे, हे मुलाला त्रास नको म्हणून लपवणारे वडील त्याच्या हातून उपचाराची संधी काढून घेतात.

थंडीविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण रानातून माणूस वाहून नेताना हीच गोष्ट सर्वांत सहज नजरेतून सुटते. ओझे घेऊन चढणारा मुलगा घामाने निथळत असतो, त्याला कोट काढून टाकावासा वाटतो, आणि त्याच वेळी त्याच्या पाठीवर हालचाल नसलेले, रक्त गमावलेले शरीर भराभर गार होत असते. रक्त गोठवणारी यंत्रणा उष्णतेवर अवलंबून असते. शरीराचे तापमान ३५ अंशांच्या खाली जाऊ लागले की गुठळी नीट बसत नाही, मग रक्तस्राव वाढतो, ऊतींना प्राणवायू कमी पडून रक्तातील आम्लता वाढते, आणि त्याने गोठणे आणखी बिघडते. ही तीन संकटे एकमेकांना पोसत जातात. म्हणून मुलाने काढलेला कोट वडिलांच्या अंगावर गेला पाहिजे, ओले कपडे शक्य असतील तर बदलले पाहिजेत, आणि प्रत्येक विश्रांतीत त्यांच्या खाली पालापाचोळ्याचा जाड थर, पिशवी किंवा दोर, काहीही, पण अंथरलेच पाहिजे. वरच्या पांघरुणाइतकेच महत्त्व या खालच्या अंथरुणाला आहे, कारण ओली जमीन अंगातली ऊब वाऱ्यासारखा आवाज न करता शोषून घेते.

विश्रांती दमल्यावर घ्यायची नसते, दमण्याआधी घ्यायची असते. पाय थरथरू लागल्यानंतर थांबणारा मुलगा वडिलांना खाली ठेवताना सोडून देतो, ठेवत नाही. पुढचे झाड, पुढचा खडक, असे थांबे आधीच ठरवावेत आणि कंबरेएवढ्या उंचीचा कट्टा किंवा आडवे पडलेले खोड मिळाले तर तिथे जरूर थांबावे, कारण तिथून पुन्हा उभे राहायला जमिनीवरून उठण्याच्या मानाने फार कमी जोर लागतो. उतार चढापेक्षा सोपा वाटतो, पण गुडघे उतारावरच दगा देतात. गुडघाभर वेगवान पाणीही उभ्या माणसाला पाडू शकते, आणि पाठीवर बांधलेला माणूस पाण्यात सोडवता येत नाही. ओढा ओलांडावाच लागला तर गाठ एका हिसक्यात सुटेल अशी करून घ्यावी.

दिशेचा प्रश्न याहून फसवा आहे. सरळ चालतो आहोत असे वाटत असताना माणूस रानात गोल फिरतो, ही लोकांची जुनी समजूत ट्युबिंगेन येथील मॅक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत खरी ठरली. जर्मनीतील जंगलात ढगाळ दिवशी चालणारी माणसे नकळत वळत वळत स्वतःच्याच वाटेवर परत आली; सूर्य दिसत असताना मात्र ती बरीच सरळ चालली. ओझ्याखाली वाकलेल्या, घाबरलेल्या मुलाचे काय होत असेल याची कल्पना यावरून करावी. दूरची एक खूण धरायची, तिथे पोहोचल्यावर तिच्या रेषेतली पुढची खूण धरायची, आणि प्रकाश गेला की चालणे थांबवायचे, हेच त्यावर उत्तर. झाडीत अंधार मोकळ्या जागेपेक्षा आधी उतरतो. मोठ्या हिंस्र जनावरांपुढे पळू नये असा नियम आहे, कारण पळणाऱ्याचा पाठलाग करण्याची त्यांची उपजत ओढ असते. पाठीवर वडील असताना पळता येत नाही, तेव्हा सतत मोठ्याने बोलत जाणे, अचानक सामोरे येण्याची वेळ येऊ न देणे, आणि समोर आलेच तर तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे सरणे, हेच हाती उरते.

आणि तरीही एक वेळ अशी येऊ शकते की पुढे वाहणे शक्यच नसते आणि मदत आणायला मुलाला एकट्याने जावे लागते. श्रावणाची कथा आपण कावडीसाठी आठवतो, आंधळ्या आईवडिलांना खांद्यावर घेऊन रानोरानी फिरणारा मुलगा म्हणून. पण त्या कथेतील अनर्थ कावड खांद्यावर असताना घडत नाही. आईवडिलांना तहान लागते, श्रावण कावड खाली ठेवतो, एकटा पाण्यावर जातो, घडा बुडवल्याच्या आवाजाला दशरथ हत्ती समजतो आणि बाण सोडतो. मुलगा गेला की त्याच्यावर विसंबलेली दोन माणसेही संपतात. ही कथा मी लहानपणापासून ऐकत आलो, पण अरण्यात एकमेकांपासून दूर होण्याचा क्षण किती धोक्याचा असतो हे तिने किती स्पष्ट सांगितले आहे, ते फार उशिरा माझ्या लक्षात आले.

म्हणून सोडून जायचे असेल तर ते काम घाईने उरकू नये. गुंगी येत असेल तर वडिलांना कुशीवर वळवून, श्वासाचा मार्ग मोकळा राहील असे ठेवावे. छातीला किंवा पोटाला घाव नसेल आणि ते पूर्ण शुद्धीवर असतील तर हाताला लागेल असे पाणी ठेवावे. शिट्टी असेल तर ती त्यांच्याजवळ राहिली पाहिजे. डोंगरातील संकटाचा संकेत मिनिटातून सहा वेळा, मग एक मिनिट शांतता, असा असतो, आणि त्याचे उत्तर मिनिटातून तीन वेळा येते. जागेची खूण उंचावर, दुरून दिसेल अशी बांधावी आणि जाताना वाटेवर परतीच्या दिशेने दिसतील अशा खुणा करत जावे, कारण मदत घेऊन आलेल्या मुलाला वडील पुन्हा सापडले नाहीत असे खरोखर घडते. फोनला क्षीण संकेत मिळत असेल तर बोलणे लागत नसतानाही लेखी संदेश जाऊ शकतो; त्यात जागा, जखम आणि वेळ या तीनच गोष्टी लिहाव्यात. अनेक देशांत ११२ हा आणीबाणीचा क्रमांक चालतो. आणि निघण्यापूर्वी वडिलांना नीट सांगावे की मी कुठे जातो आहे, कोणत्या वाटेने येईन, आणि उशीर झाला तरी तुम्ही इथून हलायचे नाही. ‘आलोच’ एवढे म्हणून निघून जाऊ नये.

अखेर माणसे भेटली, हात पुढे आले, की मुलाने एकच गोष्ट करायची असते: थांबून, क्रमाने सांगायचे. घाव केव्हा आणि कशाने झाला, टूर्निकेट किती वाजता आवळले, शुद्ध हरपली होती का, किती पाणी दिले, कोणत्या औषधांची त्यांना बाधा होते, कोणती ते रोज घेतात. रक्त पातळ ठेवणारी गोळी ते घेत असतील तर ते सर्वांत आधी सांगावे. त्यानंतर पुष्कळदा असे होते की सगळे वडिलांभोवती जमतात आणि मुलगा बाजूला उभा राहतो, ओठ सुकलेले, खांद्यांची सालटी निघालेली, बोटे पट्ट्याच्या आकारात वाकून बसलेली, आणि विचारले तर ‘मी ठीक आहे’ म्हणणारा. आमच्या पथकात आता अशा माणसाला विचारत बसत नाही. त्याला बसवतो, अंगावर पांघरूण घालतो, पाणी देतो आणि त्याचीही नाडी मोजतो.